चारही बाजू मोजून वावर ५५ गुंठे भरलं, सातबाऱ्यावर मात्र ०.५२ हेक्टर, म्हणजे ५१-५२ गुंठे. तीन गुंठे शेजारच्या धुरेकऱ्याने दाबले का?

ते तीन गुंठे कधी नव्हतेच, भाऊ. तुमच्या बाजू ३००, २००, ३००, २०० फूट. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणलं, ६०,००० चौरस फूट आले, गुंठ्याच्या १०८९ चौरस फुटांनी भागले. हा हिशेब चारही कोपरे काटकोनात असतील तरच खरा. कोपरे कलले की तो क्षेत्र जास्तच दाखवतो, कमी कधीच नाही. म्हणूनच विकणाऱ्याला आणि एकरी भाव लावणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला ही रीत एवढी आवडते.

चार बाजूंनी चौकोन ठरतच नाही. ढिल्या खाटेची चौकट ढकलून बघा, बाजू त्याच राहतात आणि क्षेत्र बदलतं. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्र विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत पिशाच म्हटलंय, आणि सांगणाऱ्याला त्याहून वाईट. ‘आमचे आजोबा असंच मोजायचे’ म्हणणाऱ्यांना हे जरूर ऐकवा. माझं ऐकत नाहीत.

कर्ण मोजा. समजा ३०० फूट भरला. मग ३००, २००, ३०० असे दोन त्रिकोण पडतात. एकाची अर्धपरिमिती ४००. तिच्यातून एकेक बाजू वजा करा: १००, २००, १००. या चारही आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ २८,२८४. दोन्ही मिळून ५६,५६८ चौरस फूट, म्हणजे ५१.९५ गुंठे, म्हणजेच सुमारे ०.५२६ हेक्टर. सातबारा जवळपास जुळला.

दुसरा कर्णही मोजायचाच. वरच्या मापांत तो ४१२ फूट यायला हवा. ३१२ आला तर एक अख्खी टेप मोजायची राहिली. १०० फुटी टेपने मोजताना सगळ्यात जास्त होते ती हीच चूक, म्हणून दर टेपेला खुंटी ठोका आणि शेवटी खुंट्या मोजा. लोक घाबरतात ओळ वाकडी होण्याला. ३०० फुटांत मधोमध ५ फूट सरकलात तरी फरक दोन इंचांचा. टेपचं टोक तुटून पुन्हा जोडलेलं असेल तर मात्र प्रत्येक टेपेला तेवढी चूक वाढते. कपाशीची पऱ्हाटी उपटल्यावर मोजा, उभ्या पिकात टेप ताणली जात नाही. मोबाइलचं ॲप फवारणीच्या अंदाजापुरतं ठीक. त्यात काही मीटरची चूक सहज असते, धुऱ्याच्या भांडणात ते काढू नका.

एखादा कोपरा आत घुसलेला असेल तर त्या कोपऱ्यातूनच कर्ण घ्या, नाहीतर वावराबाहेरचा त्रिकोण धरला जाईल. नाल्याकाठची बाजू वाकडी असेल तर सरळ दोरी लावून दर २० फुटांवर लंब घ्या. काटकोन टेपने ३०-४०-५० करून साधतो.

आता धुरेकऱ्याचं. क्षेत्र जुळलं म्हणजे हद्द जागेवर आहे असं नाही. एकीकडून सरकलेला धुरा दुसरीकडून भरून निघू शकतो, आणि काळ्या जमिनीत हद्दीचे दगडही कलतात. तुमच्या टेपला कायद्यात किंमत नाही. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीनंतर नकाशाची ‘क’ प्रत मागून घ्या.