ठाण मांडून बसलेले उपग्रह

प्रश्न : समोर नवा टॉवर उभा राहिला आणि आमचं डीटीएच बंद पडलं. डिश त्याच भिंतीवर दोन-तीन फूट वर घेतली तर चालेल का? (घोडबंदर रोड, ठाणे)

आधी कंपनीला विचारा की उपग्रह कितव्या रेखांशावर आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणून आपल्याला तो कायम एकाच जागी दिसतो. ८३ अंश पूर्वेवरचा जीसॅट-२४ ठाण्याहून आग्नेयेच्या थोडा दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर आहे. त्याला अडवायला ५० मीटरवरचा टॉवर तुमच्या डिशपेक्षा शंभरेक मीटर उंच लागेल. पण उपग्रह १०८ अंशांवरचा असेल, तर तो पूर्वेकडे आणि जेमतेम ४४ अंश वर. तिथे पंधरा-सोळा मजलेसुद्धा पुरतात, आणि मग दोन-तीन फुटांनी काहीच साधत नाही. सोसायटीकडून गच्चीची परवानगी घ्या. डिशकडे बघून मात्र दिशेचा अंदाज बांधू नका. ती ऑफसेट प्रकारची असते. दिसते उभी, पण तिची नजर बरीच वर असते.

प्रश्न : पाऊस वाढला की आमचा टीव्ही जातो, शेजारचं केबल चालू राहतं. असं का? (वाशी)

डीटीएच केयू बँड या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर चालतं. त्याची तरंगलांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आणि जोरदार सरी ती बऱ्यापैकी शोषून घेतात. केबलवाल्यांच्या मोठ्या डिश बहुतेक सी बँड या दुसऱ्या पट्ट्यावर असतात. तिथे तरंगलांबी साडेसात सेंटिमीटरच्या घरात, म्हणून पावसाचा त्रास फार कमी. पाऊस थांबूनही चित्र आलं नाही, तर एलएनबीला (डिशसमोर दांड्यावर बसवलेली, सिग्नल पकडणारी डबी) जोडलेला कनेक्टर उघडून बघा. आतली तांब्याची तार हिरवी पडली असेल, तर पाणी शिरलं आहे. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावायचा आणि वरून टेप घट्ट गुंडाळायची.

प्रश्न : उपग्रह पंधरा वर्षांत बाद का होतात? (नेरूळ, अकरावीची विद्यार्थिनी)

फार चांगला प्रश्न. यंत्रं पुष्कळदा ठणठणीत असतात, संपतं ते इंधन. सूर्य-चंद्राच्या ओढीने कक्षा हळूहळू कलते आणि ती सरळ ठेवायला इंजिन पुन्हा पुन्हा चालवावं लागतं. शेवटचं थोडं इंधन राखून ठेवून उपग्रह साधारण ३०० किलोमीटर वर नेऊन सोडतात, म्हणजे जागा मोकळी होते.

इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय दळणवळण उपग्रहांच्या मालिकेची सुरुवात १९६५ च्या 'अर्ली बर्ड'पासून झाली; तिच्याशी भारताला जोडायला १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वीला विक्रम भूकेंद्र, म्हणजे उपग्रहाशी संपर्क साधणारं जमिनीवरचं केंद्र, सुरू झालं. याच मालिकेतल्या इंटेलसॅट ९०१ ला फेब्रुवारी २०२० मध्ये एमईव्ही-१ हे यान जाऊन जोडलं गेलं, आणि त्याच्या इंजिनावर म्हाताऱ्या उपग्रहाने आणखी पाच वर्षं काम केलं. मला हा मार्ग मनापासून पटतो. याउलट इंटेलसॅट ३३ई ऑक्टोबर २०२४ मध्ये कक्षेतच फुटला. एवढ्या उंचीवर तुकड्यांना खाली ओढायला हवा नाही, म्हणून वेळेत जागा सोडणं फार महत्त्वाचं.

प्रश्न : ऑक्टोबरच्या सुरुवातीला सलग काही दिवस दुपारी बाराच्या आत-बाहेर चित्र जातं. आभाळ तर स्वच्छ असतं. (ऐरोली)

तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ लहरींत सिग्नल बुडतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातही हेच होतं. काही मिनिटांत चित्र आपोआप परत येतं, त्यासाठी मेकॅनिकला पैसे देऊ नका.