रिंगच्या कडेवरून : पट्टे चार, विजेता कोण?

प्रश्न : १९९० मध्ये टोकियोत बॉक्सर टायसन हरला, त्या दिवशी माझ्या वडिलांनी दुकान दुपारी उघडलं होतं, इतकं त्यांना लागलं होतं. माझा मुलगा बारावीत आहे, खेळाचं पान रोज वाचतो, पण हेवीवेटचा, म्हणजे सर्वांत जड वजनगटाचा, विश्वविजेता कोण हे त्याला सांगता येत नाही. खरं तर मलाही. लोकांना मारामारी नकोशी झाली म्हणून व्यावसायिक बॉक्सिंग मागे पडलं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मारामारी नकोशी झाली असती, तर यूएफसीच्या पिंजऱ्यातल्या ठोसे-लाथा-कुस्तीच्या लढतींना एवढी गर्दी झाली नसती. तिथे तर खाली पडलेल्यालाही ठोसे घालतात.

मी स्वतः बॉक्सर नव्हे. तीस वर्षं हौशी स्पर्धांना टाइमकीपर म्हणून बसलो. स्टॉपवॉच, घंटा आणि राउंडची शेवटची दहा सेकंदं उरली की लाकडावर टकटक, एवढंच माझं काम. त्या खुर्चीत बसून एक गोष्ट कळली : शेवटी कुणाचा हात वर गेला हे प्रेक्षकाला समजलं पाहिजे आणि का गेला हे पटलंही पाहिजे. प्रोफेशनलवाल्यांनी दोन्ही घालवलं.

तुमच्या मुलाचा यात काही दोष नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, चौघींचे विजेतेपदाचे पट्टे वेगळे. पूर्वी वजनगट आठ होते, आता सतरा-अठरा. करा गुणाकार! आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षेही झाला. तेव्हा तालमीतालमींत जो घोळ उडाला, तो बॉक्सिंगमध्ये बारमाही असतो. मे २०२४ मध्ये रियाधला युक्रेनच्या उसिकनं ब्रिटनच्या फ्युरीला हरवलं, तेव्हा कुठे चारही पट्टे एका हेवीवेटच्या हाती आले. त्याआधी निर्विवाद म्हणावा असा विजेता लेनॉक्स लुईस, तोही १९९९ चा. पंचवीस वर्षं वाट कोण बघणार?

पटण्याचं म्हणाल, तर २०१७ ची अल्वारेझ-गोलोव्किन लढत आठवा. एका जजनं बारापैकी दहा राउंड अल्वारेझला दिले आणि लढत बरोबरीत सुटली. आमच्याकडे आंतरशालेय स्पर्धेत असं झालं असतं, तर पालक टेबलापर्यंत आले असते.

आणि लढती वेळेवर होत नाहीत. मेवेदर आणि पॅकियाओ या दोन बड्या बॉक्सरांच्या लढतीची बोलणी २००९ मध्ये सुरू झाली, लढत झाली २ मे २०१५ ला. तोवर एक अडतीस वर्षांचा, दुसरा छत्तीसचा. आपल्याकडे ती रविवारची सकाळ होती. माझ्या घरी सात जण जमले, कांदेपोहे झाले, दोनदा चहा झाला. मेवेदर सुरेखच खेळला, पण त्याचं सुरेख म्हणजे एक जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), दोन पावलं मागे आणि मिठी. पाचव्या राउंडला आमचे एक स्नेही भाजी आणायला गेले. मेथीची जुडी घेऊन परतले आणि विचारतात, ‘सुरू झाली का?’ आम्ही निदान फुकट तरी बघत होतो. अमेरिकेत त्याच बारा राउंडसाठी घरटी शंभरेक डॉलर मोजले होते.

पैशाची भिंत हे माझ्या मते मोठं कारण. अलीच्या काळातही बड्या लढती थिएटरात तिकीट लावून दाखवत, हे खरं. पण १९७८ मध्ये स्पिंक्सशी झालेल्या त्याच्या दोन्ही लढती अमेरिकेत साध्या टीव्हीवर दिसल्या. नवा प्रेक्षक तिथेच तयार होतो, चॅनल चाळता चाळता, अपघातानं. याचा पुरावा माझ्याच घरात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा टायसन एका यूट्यूबरशी लढला. लढत भिकार, राउंड दोन-दोन मिनिटांचे, नेटफ्लिक्सचं चित्र मध्येच अडकतंय, तरी माझा नातू आणि त्याचे मित्र सकाळपासून चिकटून बसले होते. वेगळे पैसे भरायचे नव्हते ना! त्याच नातवाला उसिक कोण विचारलं, तर म्हणाला, ‘आजोबा, ॲप आहे का कुठलं?’

प्रश्न : ऑलिंपिक पदकविजेता बॉक्सर विजेंदर सिंग प्रोफेशनल झाल्यावर हा खेळ आपल्याकडे रुजेल असं वाटलं होतं. काय झालं?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीला त्याची चिनी बॉक्सरशी लढत झाली, तेव्हा मीही वाटलं म्हणणाऱ्यांतलाच होतो. वरच्या रांगेत बसून घसा बसेपर्यंत ओरडलो. पण लोक विजेंदरसाठी आले होते. आधीच्या लढतींना माझ्या आजूबाजूचे निम्मे लोक सेल्फी काढत होते, त्या पोरांची नावंही कुणाला माहीत नव्हती. पुढे त्याची पहिली हार तुमच्याच पणजीत झाली, मार्च २०२१ मध्ये, मांडवीतल्या कसिनोच्या जहाजाच्या गच्चीवर. बॉक्सिंगला जागा मिळाली ती तिथे!