आधी गाडी ठणठणीत, मग हौस: वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्यांबद्दलची आहेत, आणि वाचून खरंच बरं वाटलं, कारण चांगली सांभाळलेली जुनी गाडी अजून कितीतरी वर्षं चालते. फक्त बऱ्याच जणांचा क्रम उलटा झालाय, अलॉय आधी आणि ब्रेक ऑइल नंतर. तेवढा क्रम सरळ करायचा प्रयत्न खाली केलाय.

प्रश्न: बाबांची वीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी तीन वर्षं एका जागी उभी आहे. किलोमीटर जेमतेम ६० हजार झालेत, त्यामुळे सगळे म्हणतात गाडी नवीच आहे, नवी बॅटरी टाक आणि चालव. मला ती रोज वापरायचीये. काय काय बघू?

बॅटरी टाकून लगेच किल्ली फिरवू नका, एवढं एक नक्की ऐका. किलोमीटर कमी म्हणजे इंजिन कमी झिजलंय हे खरं, पण रबर, ऑइल आणि पेट्रोल नुसत्या वयानेच खराब होतात, गाडी चालो किंवा न चालो. तीन वर्षांत टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं असतं आणि त्याचा चिकट थर पंपात आणि इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो, म्हणून आधी टाकी रिकामी करून घ्या, ताजं पेट्रोल घाला, फ्युएल फिल्टर बदला. रबरी पेट्रोल पाइप बोटाने वाकवून बघा, भेगा दिसल्या तर सगळेच बदला, एकच बदलून उरलेले ठेवू नका, कारण गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टरही सुरू करायच्या आधीच बदलायचा. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, उभ्या गाडीत उंदीर तिथेच घरटं करतात आणि वायरी कुरतडतात.

आता मुख्य गोष्ट, टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ राखणारा रबरी पट्टा. तो कधी बदलला याची लेखी नोंद सापडत नसेल तर बदललेलाच नाही असं धरून चाला. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा दिलेली असते आणि जे आधी संपेल ते मोजायचं असतं, हे लोक विसरतात. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचीच वेळ येते. बेल्ट काढलाच आहे तर तो ताणून धरणारा टेन्शनर पण बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही, कारण पुढच्या वर्षी पंप गळला तर तेवढंच काम परत करावं लागेल. तुमच्या इंजिनात बेल्टऐवजी चेन असेल तर सुरू करताना खडखड आवाज येतोय का ते ऐकून घ्या.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल २३० अंशांच्या खाली उकळू नये असं बंधन आहे, पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले आणि आतलं ऑइल उकळलं की वाफ होते, पेडल मऊ पडतं आणि पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. म्हणून सगळं जुनं ऑइल काढून नवं भरा आणि पुढे दर दोन वर्षांनी तेच करा. ब्रेकचे रबरी होस, ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना, हँडब्रेकची केबल, यातलं काहीतरी उभ्या गाडीत अडकलेलं असतंच.

आणि टायर. बाजूला डॉट (DOT) अक्षरांपासून सुरू होणारा एक कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालाय. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्याही आधीचा आहे, त्यावर गल्लीच्या टोकापर्यंतही जाऊ नका. नक्षी खोल दिसते म्हणून दहा-बारा वर्षांचे टायर ठेवायचा मोह होतो, पण रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर पकड उरलेली नसते.

प्रश्न: दादा, माझ्या छोट्या हॅचबॅकला १७५/७० आर१३ टायर आहेत. मला १६ इंची अलॉय टाकायचेत आणि गाडी थोडी खाली पण घ्यायचीये. मित्र म्हणतो स्प्रिंगची दीड कॉइल कापली की झालं. करू का?

स्प्रिंग कापू नका. याला दुसरं उत्तर नाहीये. कापलेली स्प्रिंग कडक होते, खाली नीट बसत नाही, चाक खड्ड्यात पूर्ण लटकलं की जागेवरून सुटूही शकते, आणि जुना शॉकअप तर अशा स्प्रिंगखाली थोड्याच दिवसांत संपतो. खाली घ्यायचीच असेल तर तुमच्या मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप एकत्र घाला, आणि त्याच्या आधी सस्पेन्शनचे सगळे बुश (सांध्यांतली रबरं), बॉल जॉइंट, लिंक रॉड नवे करा. खरं सांगतो, वीस वर्षं जुन्या गाडीत नुसते बुश आणि शॉकअप मूळ मापाचे नवे टाकले की गाडी इतकी बदलते की अर्ध्या लोकांना खाली घ्यायची गरजच वाटत नाही. काहीही केलं तरी शेवटी चाकांचे कोन जुळवायची अलाइनमेंट करायचीच.

आता चाकं. १७५/७० आर१३ मध्ये १७५ ही टायरची रुंदी मिमीमध्ये, ७० म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, आणि १३ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. तुमच्या टायरचा बाहेरचा व्यास साधारण ५७५ मिमी आहे. १८५/६० आर१४ घेतला तर ५७८, १९५/५० आर१५ घेतला तर ५७६, म्हणजे स्पीडोमीटर आणि गिअरिंगला काही कळणारसुद्धा नाही. १६ इंचात १९५/४५ घेतला तर ५८२ होतो, तेही चालण्यासारखं आहे, पण टायरची भिंत १२२ मिमीवरून ८८ वर येते आणि खड्डा सरळ रिमला लागतो. शिवाय लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा आकडा, बघा. तुमच्या मूळ टायरवर बहुतेक ८२ लिहिलेलं असेल, म्हणजे एका टायरवर ४७५ किलो. या १६ इंची मापात ८० वाला टायर गळ्यात पडला तर तो ४५० किलोचाच असतो, जास्त भार घेणारा एक्स्ट्रा लोड टायर मागून घ्या, त्यावर ८४ असतं, म्हणजे ५०० किलो. मोठी चाकं सहसा जड पण असतात आणि छोट्या इंजिनाला ते वजन जाणवतं, पिकअप मंदावतो. मला विचाराल तर तुमच्या गाडीला १५ च्या पुढे जाऊ नका.

रिम घेताना लोक फक्त डिझाइन आणि पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) बघतात, पण फसतात ते ऑफसेटमध्ये, म्हणजे रिमच्या मध्यापासून गाडीला टेकणाऱ्या बैठकीपर्यंतच्या अंतरात, रिमवर तो ईटी असा लिहिलेला असतो. समजा मूळ रिम ६ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे आणि तुम्ही ७ इंच ईटी ३५ वाली घेतली. मग चाकाची बाहेरची कड जवळजवळ २३ मिमी बाहेर येते आणि आतली कड पण पावणेतीन मिमी आत जाते. २३ मिमी म्हणजे मडगार्डला घासायला पुरेसं आहे, मागे तीन माणसं बसली की आवाज येईलच, आणि बेअरिंगवर ताण वाढतो तो वेगळाच. रिमच्या मधल्या भोकाचं माप हबपेक्षा (गाडीचा ज्या भागावर चाक बसतं त्यापेक्षा) मोठं असेल तर बरोबर मापाची रिंग घाला, नाहीतर बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरत राहतं. नटची बैठक पण जुळायला हवी, कुणाची शंकूसारखी असते कुणाची गोल, आणि चुकीचा नट कितीही आवळला तरी तो सुटतोच.

जुन्या १३ इंची लोखंडी रिम्स मात्र विकू नका, का ते पुढच्या उत्तरात आहे. आणि हो, असे बदल नोंदणीत आणि विम्यात दाखवावे लागतात का हे आपल्या भागातल्या नियमांत आधी बघा.

प्रश्न: मी राहते तिथे चार महिने कडाक्याची थंडी आणि बर्फ असतो. गाडी १७ वर्षांची आहे, एबीएस आहे पण बाकी काही नाही. विंटर टायर खरंच लागतात का? फक्त पुढचे दोन टाकले तर भागेल का, गाडी पुढच्या चाकांवर चालते?

लागतात, आणि चारही लागतात. नुसते पुढचे दोन टाकले तर गाडी निघेल झकास, त्यामुळे भरवसा वाटेल, आणि पहिल्याच निसरड्या वळणावर ब्रेक मारला की पुढची चाकं पकडतील, मागची पकडणार नाहीत आणि गाडी जागेवर फिरेल. नव्या गाड्यांत घसरण आवरणारी यंत्रणा असते, तुमच्याकडे ती नाही, म्हणून तर चारही चाकांची पकड सारखी असणं तुम्हाला जास्त गरजेचं आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, बर्फावर पकड आणणं त्याच्या हातात नाही.

विंटर टायरचं काम फक्त बर्फावर असतं असा समज आहे. साध्या उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत ज्या असंख्य बारीक चिरा असतात त्या बर्फाला धरतात. विकत घेताना बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी अशी खूण शोधा, ती बर्फावरच्या चाचणीत पास झाल्यावरच मिळते. नुसतं एम प्लस एस (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते फक्त कंपनीचं म्हणणं असतं, त्यामागे अशी चाचणी लागत नाही, आणि जर्मनीत तर ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर तेवढी खूण चालतच नाही. ऑल सीझन टायरवर डोंगराची खूण असेल तर कधीतरी बर्फ पडणाऱ्या ठिकाणी ते ठीक आहेत, तुमच्या चार महिन्यांना मी विंटरच घेईन.

माप अरुंद घ्या. गाडीच्या पुस्तकात मान्य असलेल्या मापांपैकी सर्वात अरुंद टायर आणि छोटी रिम हिवाळ्याला उत्तम, कारण अरुंद टायर मऊ बर्फात दबून खालपर्यंत पोचतो, रुंद वर तरंगतो. म्हणूनच जुन्या लोखंडी रिम्स जपायच्या, फक्त त्या ब्रेक कॅलिपरवर बसतात ना ते बघून घ्या. हिवाळ्याचा वेगळा रिमसकट सेट असला की दरवर्षी टायर रिमवरून काढघाल करावी लागत नाही, घरीच बदलता येतात. बदलताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, नट हाताने सुरू करा, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळता येणारा पाना) पुस्तकातल्या आकड्याला आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर परत तपासा. काढलेल्या टायरवर खडूने पुढचा-मागचा, डावा-उजवा लिहून ठेवा. रिमसकट असतील तर आडवे एकावर एक रचा किंवा टांगा, सुटे टायर असतील तर उभे ठेवा, ऊन लागू देऊ नका.

नक्षी ४ मिमीच्या खाली गेली की विंटर टायर हिवाळ्यातून बाद समजा, कायदा त्याहून कमी चालवून घेत असला तरी. हवा थंड गाडीतच तपासा, तापमान १० अंश उतरलं की साधारण दीड पीएसआय हवा कमी दिसते, त्यामुळे शरद संपताना भरलेली हवा पौषात पुरत नाही.

जाता जाता, त्याच थंडीत बॅटरी पण दगा देते. बारा तास उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. कमी चार्ज असलेली बॅटरी गोठून फुटू शकते, भरलेली सहज गोठत नाही. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची जाड वायर काढून तिची टोकं घासून बसवा, जुन्या गाडीचे अर्धे इलेक्ट्रिकल रोग तिथेच असतात.

प्रश्न: हेडलाइट फारच मंद पडतो. हॅलोजन काढून त्याच जागी एलईडी बल्ब टाकू का?

नको. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या बारीक तारेच्या जागेवरून आखलेला असतो, एलईडीचा उजेड तिथून नेमका निघत नाही, मग रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त जातो, आणि बऱ्याच देशांत ते बेकायदेशीरही आहे. आधी इंजिन चालू ठेवून बल्बच्या टोकाला व्होल्टेज मोजा. बॅटरीला १४ आणि बल्बला १२ येत असेल तर दोष वायरिंगचा आहे, जाड वायर आणि रिले टाकून घ्या. पिवळी पडलेली काच पॉलिश करा. एवढ्यावर बहुतेकांचा प्रश्न सुटतो.

प्रश्न: सर, रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे खालून गंज धरलाय. वरून काळं अंडरकोटिंग मारून घेऊ का?

गंजावर कोटिंग मारलं तर पाणी आत अडकतं आणि पत्रा आतून सडत राहतो, वरून मात्र काळंभोर छान दिसतं. आधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दरवाज्याखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा आणि मागच्या सस्पेन्शनच्या बैठका ठोकून बघा. टोक आत गेलं तर तिथे वेल्डिंगच लागणार, पुट्टी भरून भागणार नाही, त्या जागा गाडीचं वजन पेलतात. नुसता वरवरचा गंज असेल तर घासून, प्रायमर मारून मग कोटिंग करा, आणि पोकळ भागांत आतून वॅक्स फवारून घ्या. दरवाज्यांच्या खाली पाणी निघायला बारीक भोकं असतात ती कोटिंगने बुजवू देऊ नका, काम झाल्यावर स्वतः खाली वाकून तार घालून बघा. हिवाळ्यात जमेल तेव्हा खालून पाण्याचा फवारा मारायचा आणि ब्रेकचे लोखंडी पाइप दरवर्षी बघायचे, ते गंजले असतील तर बाकी सगळं थांबवून आधी ते बदला.