खाडी निवळू लागली: गरवणाऱ्यांचे प्रश्न

पाऊस ओसरून खाड्यांचं पाणी निवळू लागलं आहे. यंदा आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं जिताडा या खाडीतल्या माशाची, म्हणून त्याला जागाही तेवढीच दिली आहे.

दसऱ्यापासून दर रविवारी सकाळी सहा ते दहा रेवदंड्याजवळ कुंडलिकेच्या खाडीत लूर (नकली मासा) फेकतो. पाच रविवार झाले, जिताड्याचा एक घास नाही. रॉड-रील दोन्ही नवीन आहेत. चुकतं कुठे?
*– एक वाचक, अलिबाग तालुका*

चूक रविवारात आहे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळपास सहा तास. त्यामुळे एका रविवारी तुम्ही सकाळी उभे राहता तेव्हा पाणी उतरत असतं आणि पुढच्या रविवारी त्याच वेळेला चढत असतं. एका रविवारी उधाण, तर पुढच्या रविवारी भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी. रॉड बदलून यात काही फरक पडणार नाही, वार सोडून तिथी धरा.

कोळीवाड्यातला जुना हिशोब मुंबई-अलिबाग पट्ट्यात आजही कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पाणी भरतं. तिथून सव्वासहा तासांनी, सव्वानऊच्या आसपास, ओहोटी तळाला जाते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. दक्षिणेकडे मालवण-गोव्याला भरती मुंबईच्या आधी लागते, त्यामुळे तिकडच्यांनी आपल्या बंदराचं छापील वेळापत्रकच पाहावं.

आता जिताडा कधी खातो ते पाहू. भरतीला बोय माशांची पिल्लं आणि कोलंबी कांदळवनाच्या मुळांत शिरते. पाणी उतरू लागलं की त्यांना लहान व्हाळांतून मुख्य खाडीत यावंच लागतं. जिताडा त्या व्हाळाच्या तोंडाशी, एखाद्या खडकाच्या किंवा जुन्या खांबाच्या आडोशाला, प्रवाहाकडे डोकं करून थांबतो. पोहण्यात शक्ती घालवणारा हा मासा नाही, त्याला वाहून येणारा घास हवा असतो. म्हणून ओहोटीचे शेवटचे दोन तास सर्वात चांगले, आणि त्याखालोखाल पाणी वळल्यानंतरचा पहिला पाऊण तास. पाणी थांबलं की घासही थांबतो. तेवढ्या वेळात चहा प्या, गरीची टोकं तपासा.

रायगडाच्या खाड्यांत आणखी एक अडचण असते. इथे उधाणाच्या पाण्याला फार जोर असतो आणि तो तळाचा चिखल उठवतो. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस पाणी पिठल्यासारखं दिसतं. अष्टमी-नवमीला पाणी स्वच्छ असतं, पण प्रवाह मेलेला असतो. या दोन्हींच्या मधल्या चतुर्थी, पंचमी आणि षष्ठी या तिथी तुमच्या. त्या दिवसांत सकाळची ओहोटी सव्वानऊ ते पावणेअकराच्या दरम्यान तळाला जाते. सहा ते दहा हा तुमचा वेळ चतुर्थी-पंचमीला नेमका बसतो, षष्ठीला मात्र अर्धा-पाऊण तास जास्त थांबा. पाण्याचा रंग लुरानेच तपासता येतो. लूर वीतभर खाली असताना स्पष्ट दिसला पाहिजे. दिसत नसेल तर खाडीच्या मुखाकडे सरका. ऑक्टोबरात वरच्या अंगाचं पाणी अजून गोडं आणि गढूळ असतं, मुखाकडचं आधी निवळतं.

आता फेक. सरळ समोर टाकून सरसर ओढू नका. व्हाळाच्या तोंडाच्या वरच्या अंगाला, तिरकी फेक करा. लूर प्रवाहाबरोबर खाली येऊ द्या आणि ढील गोळा होईल एवढंच रील फिरवा. दोन वेढे, मग दोन सेकंद थांबा. घास बहुतेक वेळा त्या थांब्यातच येतो. दहा-बारा सेंटिमीटरचा, मीटर-दीड मीटर खोल चालणारा लूर पुरे. पाणी त्याहून उथळ असेल तर दहा ते चौदा ग्रॅमच्या जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गरीवर) चार इंची रबरी मासा लावा. वरच्या पाण्यात जिताड्याने घास घेतला तर रिकामी कळशी पालथी दाबून एकदम सोडावी तसा ‘भक्क’ असा आवाज येतो. तो जबडा उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, त्याचा तो आवाज. ऐकताक्षणी रॉड उचलण्याचा मोह आवरा, दोरीला वजन लागू द्या आणि मग खेचा. मासा उडी मारायला लागला की रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा. ताठ दोरीवर डोकं झटकून गरी काढण्यात हा पटाईत आहे.

डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड पडल्या की उथळ खाडीत जिताडा सुस्तावतो. तेव्हा पहाटेपेक्षा ऊन चढल्यावरची ओहोटी धरा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत तो पुन्हा चांगला खातो.

देवगडच्या कातळावरून तांबोशी आणि गोबऱ्यासाठी बसतो. मासा लागतो, पण दर तिसऱ्या माशाला दोरी तुटते. जाड तंगूस घेतली तरी तेच. काय करावं?
*– एक वाचक, सिंधुदुर्ग*

दोरी तुटली की चरफडून नवीन गरी बांधू नका. आधी तुटलेलं टोक उजेडात धरून पाहा, कारण तिथेच दिसेल. टोक डुकराच्या शेपटीसारखं पिळलेलं असेल तर गाठ सुटली आहे, दोरीचा दोष नाही. टोक कात्रीने कापल्यासारखं साफ असेल तर दातांचं काम, म्हणजे सुरमई किंवा तोंकी. तिथे एक वीत पोलादी तार लागते. टोकाच्या आधी चार-सहा इंच दोरी पांढुरकी, खरखरीत झाली असेल तर ती कातळाला किंवा कालवांच्या कडेला घासली आहे. तुमच्या पत्रावरून हा तिसरा प्रकार वाटतो.

तांबोशी आणि गोबरा दोघेही बिळाजवळ राहतात. घास घेतला की पहिल्या दोन मीटरांत मागे वळून बिळात शिरतात, आणि निकाल तिथेच लागतो. म्हणून इथे मासा खेळवायचा नसतो. सुरुवातीलाच ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक, घट्ट हवा. तीस पौंडी ब्रेडेड (विणलेल्या) दोरीला चार ते साडेचार किलो, म्हणजे तिच्या ताकदीच्या एक तृतीयांशापर्यंत. हाताने ओढून अंदाज बांधू नका, दोरीचं टोक ताणकाट्याला अडकवून मोजा. पुढे साठ पौंडी फ्लुरोकार्बनचा दीड मीटर लीडर, म्हणजे गरीकडचा दोरीचा तुकडा, लावा. नुसती जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, उपयोगी पडत नाही, कारण ती ताणली की लांबते आणि तेवढ्या लांबीत मासा बिळात पोचतो. ब्रेडेड दोरी लांबत नाही, पण कातळावर ती लगेच कापली जाते. म्हणून हात ब्रेडेडचा आणि तोंड फ्लुरोकार्बनचं, असं दोघांचं काम वाटून द्यावं लागतं.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने गरम होते आणि नायलॉन तिथेच कमजोर पडतो. प्रत्येक माशानंतर लीडरवरून नखाची कड फिरवा, कुठे अडकली तर तेवढा तुकडा कापून गरी पुन्हा बांधा. मासा बिळात गेलाच तर ओढाओढ करू नका. दोरी पूर्ण सैल सोडून दोन-तीन मिनिटं थांबा. पुष्कळदा तांबोशी आपणहून बाहेर निघते. गोबरा कल्ले फुगवून अडकून बसतो, त्याची खात्री देता येत नाही.

कातळावर उभं राहण्यापूर्वी वीस मिनिटं नुसतं बसून लाटा पाहा. लाटा सारख्या उंचीच्या येत नाहीत. बऱ्याच छोट्या लाटांनंतर दोन-तीन मोठ्या येतात आणि कोरडा दिसणारा कातळ धुऊन जातात. हिरवं-काळं शेवाळ जिथपर्यंत आहे तिथपर्यंत पाणी येतं, हे नक्की समजा. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज निघण्यापूर्वी पाहावा. लांबून येणाऱ्या मोठ्या लाटांचा इशारा असेल तर वारा पडलेला असला तरी कातळावर जाऊ नये. आणि मालवणकडे जात असाल तर सागरी अभयारण्याची हद्द आधी विचारून घ्या. 1987 पासूनच्या या अभयारण्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा आणि पद्मगडाचा परिसर गाभा क्षेत्रात येतो.

शेंगटी गरीवरून सोडवताना काटा बोटात रुतला. रात्रभर ठणका होता. बर्फ लावला तो बरोबर होता का?
*– एक वाचक, वसई*

नाही. शेंगटीच्या पाठीवरच्या आणि दोन्ही कल्ल्यांजवळच्या काट्यांत विष असतं आणि ते उष्णतेने निकामी होतं. जखम धुऊन बोट सोसवेल इतक्या गरम, म्हणजे साधारण 40 ते 45 अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने घ्या, कारण बधिर बोटाला भाजल्याचं कळत नाही. पाखटाच्या काट्यालाही हाच उपाय. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज वर चढत असेल किंवा जखम छातीला, पोटाला असेल तर थेट डॉक्टर गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही पाहा. पुढच्या वेळी शेंगटीला हात लावूच नका, लांब पक्कडीने गरी फिरवून तिला पाण्यातच मोकळी करा.

मुलांना घेऊन वाळूच्या किनाऱ्यावर गरवायचं आहे. कुठला मासा, काय सामान?
*– एक वाचक, पुणे*

मुडदुशी. सात-आठ फुटी हलका रॉड, दहा पौंडी तंगूस, तीस ग्रॅमचं सरकतं शिसं आणि आठ नंबरची बारीक गरी. तोंड लहान असतं, मोठी गरी घेतली तर आमिष चोरून नेते. कोलंबी सोलून नखाएवढा तुकडा लावा, गरीचं टोक उघडं ठेवा. भरती सुरू झाल्यानंतरच्या दोन तासांत लाटा फुटतात त्याच्या अलीकडच्या खळग्यात टाका. लांब फेकण्याची गरज नाही, मुडदुशी गुडघाभर पाण्यातही येते. मुलांच्या पायांत चपला हव्यात, आणि फेकताना मागे कोण उभं आहे ते दर वेळी वळून पाहायची सवय पहिल्याच दिवशी लावा.

मस्कतला नोकरी आहे. इथे सुरमईला कोणते महिने चांगले?
*– एक वाचक, ओमान*

तुमच्याकडची ‘कनअद’ म्हणजे आपली सुरमईच. ओमानात 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर तिच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा मासा लागला तरी सोडावा लागतो. बंदी उठल्यानंतरचा थंडीचा हंगाम धरा. परवान्याचे नियम तिथल्या मत्स्य खात्याकडून आधी समजून घ्या.

पावसाळी मासेमारीची बंदी तर यांत्रिक नौकांना असते. मग जून-जुलैत खाडीच्या मुखाशी काठावरून जिताडा गरवायला हरकत काय?
*– एक वाचक, गुहागर*

1 जून ते 31 जुलै ही बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, हे खरं. तरीही त्या दिवसांत मुखाशी जाऊ नका, अशी आमची कळकळीची विनंती आहे. पाऊस लागला की जिताडा अंडी घालायला नेमका तिथेच उतरतो. शिवाय हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे फोटोसाठी सगळ्यांना हवा असतो तो आठ-दहा किलोचा मासा जवळजवळ नेहमीच मादी असतो आणि तिच्या पोटात लाखो अंडी असतात. असे चार मासे काढले तर खाडीतली त्या वर्षीची पैदासच कमी होते. छोटे सोडून मोठे ठेवायचे, हा इतर माशांचा रिवाज जिताड्याला उलटा लागतो. खाण्यासाठी दोन-तीन किलोचा एक ठेवा. ऐंशी सेंटिमीटरच्या वरचा कोणत्याही महिन्यात लागला तरी सोडा.

सोडायचीही रीत आहे. गरीच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने आधीच दाबून ठेवा. मासा दमून उलटा होईपर्यंत खेळवत बसू नका. रबरी जाळं पाण्यातच धरून गरी तिथेच काढा. फोटो हवाच असेल तर हात ओले करून एक हात जबड्याखाली, दुसरा पोटाखाली द्या आणि तीस सेकंदांत परत पाण्यात ठेवा. नुसत्या जबड्याला धरून जड मासा लोंबकळवला की मणका आणि जबड्याचे सांधे दुखावतात. कल्ल्याची झाकणं हाताला कापतात, तिथे बोटं घालू नका. तापलेल्या कातळावर मासा ठेवला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. पाण्यात त्याचं तोंड प्रवाहाकडे करून शेपटीशी सैल धरा, पुढे-मागे ढकलू नका. कल्ले संथ लयीत उघडमीट करू लागले की तो स्वतःच शेपटीचा फटका मारतो, तेव्हा हात काढा.