घोडीला गावाबाहेर काढू नका, आधी तिचं रक्त पाठवा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लाखांदूर तालुक्यातलं गाव, वरातीची घोडी, चार दिवसांपासून ताप, दाणाचारा सोडलेला, मागचे पाय लटपटतात अन् भिंतीला कपाळ टेकून उभी राहते. त्यातच शेजारच्या पोराला मेंदूज्वर म्हणून नागपूरला हलवलं, आणि आता गाव म्हणून राहिलं की घोडीपासूनच पोराला लागलं, तिला गावाबाहेर नेऊन बांधा. मी ३१ वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून ह्याच धानपट्ट्यात काढली, आता रिटायर आहे, जेवढं पाहिलं तेवढं सांगतो. थोडं लांबेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकीचं नंतर वाचा. तिच्या तोंडात हात घालू नका. घोडं गिळत नाही, लाळ गळते म्हटलं की माणूस घशात काही अडकलं का ते पाहायला जातो, आणि ते रेबीज निघालं तर मग धावपळ. पिसाळलेलं कुत्रं दोन-तीन महिन्यांत गावात फिरलं होतं का ते आठवा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. ज्यांचा हात आधीच लाळेत गेलाय त्यांनी आजच दवाखान्यात जाऊन सांगावं. दुसरं म्हणजे सर्रा, रक्तातल्या परोपजीवीचा रोग. तोही घोड्याला ताप देतो, पाय लुळे करतो, पोटाखाली सूज आणतो, पण तो मच्छराचा नाही, मोठ्या चावऱ्या माशीचा, आणि व्हायरसही नाही. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली परोपजीवी दिसले तर त्याला औषध आहे, म्हणून ती पट्टी आधी करायला लावा. औषध असलेला रोग राहून जाऊ नये.

आता तुमचा खरा प्रश्न. जपानी मेंदूज्वर, म्हणजे आपण जेई म्हणतो तो, घोडीपासून पोराला लागत नाही. घोड्याच्या रक्तात हा व्हायरस इतका थोडा आणि इतका कमी वेळ असतो की तिला चावून मच्छराला तो मिळतच नाही. माणसाचंही तसंच, पोरापासून घोडीलाही लागत नाही. घोडी अन् पोरगं दोघांनाही जेईच निघाला तर दोघांना एकाच जातीच्या मच्छरानं फोडलंय, एवढंच. व्हायरस वाढतो तो डुकरात आणि बगळे-ढोकऱ्यांसारख्या पाणपक्ष्यांत. डुकराच्या रक्तात तो दोन-चार दिवस भरपूर असतो, आणि गंमत अशी की मोठं डुक्कर आजारी दिसतही नाही. पाळलेली गाभण डुकरीण असेल तर मेलेली पिल्लं टाकते, तेवढीच काय ती खूण. मोकाट डुकराचं तेही कोण बघतो.

मच्छर कोणता, तर क्युलेक्सची एक जात, ट्रायटेनियोरिंकस असं तिचं जडजंबाळ नाव आहे. ती नालीतल्या घाण पाण्यातली नाही, ती बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, साचलेल्या स्वच्छ पाण्यातली. धानाची रोवणी झाली की दोन-तीन आठवड्यांत तिची संख्या वाढू लागते. म्हणून आपल्याकडे ह्या केसेस रोवणीनंतर, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत जास्त. ग्रामपंचायतीनं नाल्यांत फवारणी केली अन् फोटो काढले की लोकांना बरं वाटतं, करू द्या, डेंग्यूसाठी तर पाण्याची टाकीही बघा, पण हा मच्छर बांधीतून अन् बोडीतून, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तळ्यातून, येतो.

ह्या मच्छराला माणसापेक्षा गाय-म्हैस जास्त आवडते. गायीच्या अंगावर तो रात्रभर बसतो, पण गायीच्या रक्तात व्हायरस वाढत नाही, म्हणजे एका अर्थी गाय तो जिरवते. मात्र कोठा घराला चिकटून असेल तर तेच मच्छर घरातही येतात. म्हणून जनावरं घरापासून थोडी लांब बांधा म्हणतात ते बरोबर आहे, गावाबाहेर काढा हे मात्र नाही. आणि लांब म्हणजे बोडीच्या काठाला नाही बाप्पा. एकानं तसंही केलेलं पाहिलंय.

तुम्ही विचारलं की सरकारी माणसं हे कसं ओळखतात, आधी कळत नाही का. कळू शकतं. मलेरियावाला कर्मचारी सूर्यास्तानंतर कोठ्यात टॉर्च घेऊन शिरतो, तोंडात रबरी नळी, नळीच्या टोकाला काचेची नळी, आणि म्हशीच्या पोटावर, खुंट्यावर, कुडाच्या भिंतीवर बसलेला एकेक मच्छर ओढून घेतो. (मध्ये जाळी असते, लोकांना वाटतं पोटात जातात.) तासाला किती सापडले तो आकडा लिहितो. मग माद्या जातीप्रमाणे वेगळ्या करून गट करतात, एका गटात साधारण पन्नास, आणि लॅबमध्ये गटच्या गट व्हायरससाठी तपासतात. डुकरांचंही तसंच. जपानात दर उन्हाळ्यात कत्तलखान्यात आलेल्या डुकरांचं रक्त तपासतात, कोवळ्या डुकरांत अँटिबॉडी दिसू लागल्या की समजायचं व्हायरस ह्या मोसमात फिरू लागलाय. कोवळं डुक्कर एवढ्यासाठी की म्हाताऱ्यात मागच्या वर्षीच्याही अँटिबॉडी असतात, त्यावरून ह्या वर्षाचं काही कळत नाही. ऑस्ट्रेलियात २०२२ च्या फेब्रुवारीत तीन राज्यांतल्या डुक्करफार्मांवर मेलेली, काही तर आतच सुकून गेलेली पिल्लं जन्मू लागली, तिथून जेई पकडला गेला अन् मग माणसांतल्या मेंदूज्वराकडे त्या नजरेनं पाहणं सुरू झालं. न्यूयॉर्कला १९९९ मध्ये ह्याच घराण्यातला वेस्ट नाईल व्हायरस आला तेव्हा माणसांचे नमुने पाहून आधी दुसऱ्याच व्हायरसचं नाव घेतलं होतं, खरं उत्तर मेलेल्या कावळ्यांनी अन् प्राणिसंग्रहालयातल्या पक्ष्यांनी दिलं. मेलेलं पाखरू फेकून द्यायच्या आधी कोणाला तरी सांगावं, ही सवय मला त्यावरून लागली.

घोडं ह्या सगळ्यात उशिरा कळवतं. ते आजारी पडेपर्यंत व्हायरस डुकरात फिरून, मच्छरात पिकून, आठवडे झालेले असतात. पण आपल्याकडे डुकरांचं रक्त नियमित कोण काढतंय, म्हणून घोडीचं रक्त वाया घालवायचं नाही.

आता माझी चूक ऐका. पवनीकडे एका टांग्याच्या घोड्याला अशीच लक्षणं होती, अशी म्हणजे हुबेहूब, भिंतीला डोकं टेकणं सुद्धा. मी सकाळी रक्त काढलं, ट्यूब खिशात ठेवली, दोन गावं फिरून दुपारी थर्मासमध्ये बर्फावर टाकली आणि संध्याकाळच्या एसटीनं पाठवली. खिशातली गरमी, नंतर बर्फाला थेट चिकटलेली काच, त्यावर एसटीचे धक्के. सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, कसं पाहिजे, तर गवताच्या फिक्या पिवळ्या रंगाचं. पोचलं ते रूहअफजासारखं लाल. नमुना तपासण्यायोग्य नाही असा कागद आला, तोवर घोडा मेला होता अन् मालकानं खड्डा करून पुरला होता. त्याला काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही.

म्हणून तुम्ही असं करा. जनावरांच्या हेल्पलाईनला, १९६२ वर, फोन लावा किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि नुसतं घोडी आजारी आहे म्हणू नका, मेंदूची लक्षणं आहेत अन् गावात मेंदूज्वराचा पेशंट आहे असं म्हणा, दोन्ही एका वाक्यात. जेई अन् वेस्ट नाईल दोन्ही २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याच्या यादीत आहेत, संशय असेल तर मालकानं गावात कळवायचं असतं, त्यामुळे तुम्ही कोणावर उपकार मागत नाही आहात. रक्त लाल झाकणाच्या साध्या ट्यूबमध्ये, सावलीत उभं ठेवून गोठू द्यायचं, वरचं पाणी वेगळं काढून मग बर्फाच्या डब्यात, मध्ये कापड किंवा कागद, बर्फाला काच चिकटता कामा नये. लेबलवर तारीख अन् आजाराचा कितवा दिवस ते लिहायला लावा. दुसरा नमुना दोन ते तीन आठवड्यांनी, हा काऊन पाहिजे तर एकदा अँटिबॉडी दिसल्या म्हणजे जुना संसर्गही असू शकतो, दुसऱ्या वेळी त्या चौपट झाल्या तरच आत्ताचा म्हणायचा. शिवाय जेई, वेस्ट नाईल, डेंग्यू हे भाऊभाऊ आहेत, साध्या टेस्टमध्ये एकमेकांसारखे दिसतात, म्हणून पक्कं सांगायला न्यूट्रलायझेशनची वेगळी तपासणी लागते. ती बहुतेक बाहेर जाईल, रिपोर्टला वेळ लागेल, रोज फोन करून काही होत नाही. घोडी मेलीच तर पुरायच्या आधी फोन, मेंदूचा नमुना घेता येतो, पण स्वतः कापू नका.

पोराचं म्हणाल तर त्याला जेईच आहे हे आत्ताच धरू नका. मेंदूज्वर खूप कारणांनी होतो, आपल्याच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ मध्ये सापडलेला व्हायरस पण असतो, तो वाळूमाशीनं पसरतो, भिंतीच्या भेगांत राहणारी. डॉक्टर मणक्यातलं पाणी तपासतील. तुम्ही घरातल्या बाकी पोरांची लसीची कार्डं काढा, जेईचा पहिला डोस ९ महिने झाल्यावर अन् दुसरा १६ ते २४ महिन्यांत, राहिला असेल तर आशाताईला विचारा. ती माणसांची लस घोडीला टोचा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

घोडीला आजच तणसाचा जाड थर टाकून द्या, पडली तर कातडी सोलली जाते. संध्याकाळी धूर करा, पण कोठा बंद करून नाही, जमलं तर मच्छरदाणीचं कापड लावा. पाणी बादलीनं उंचावर धरा, खाली मान घालताना तोल जातो. आणि लोक जमले की सांगा, घोडी बांधली तिथंच राहील, तुम्ही डुकरं कुठं फिरतात ते बघा.

पहिला नमुना कोणत्या तारखेला निघाला ते इथंच लिहा, दुसऱ्याची तारीख मी काढून देतो.