लाइव्ह अल्बममधली दुरुस्ती आणि ड्रमची साक्ष

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे : थिन लिझी या आयरिश रॉक बँडच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'चा बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवला गेला, असे वाचल्यापासून तुमचा या प्रकारच्या अल्बमवरचा विश्वास उडाला आहे, तेव्हा जुन्या हार्ड रॉक आणि हेवी मेटल बँडचे लाइव्ह अल्बम ऐकण्यात काही अर्थ आहे का, आणि असल्यास सुरुवात कुठून करावी. अर्थ नक्कीच आहे. मात्र 'अल्बम अस्सल आहे का' एवढेच विचारून थांबलात तर फार चांगले संगीत हातचे जाईल. अल्बममधले काय त्या रात्रीचे आहे आणि काय नंतरचे, हे कानाने ओळखता येऊ लागले की या प्रकाराची खरी गोडी लागते.

त्यासाठी दुरुस्ती कशी होते हे आधी समजून घ्यावे लागते. सत्तरच्या दशकात कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण अनेक ट्रॅकच्या रुंद टेपवर होत असे. गायकाचा माइक एका ट्रॅकवर, गिटार दुसऱ्यावर, ड्रमचे माइक आणखी दोन-तीन ट्रॅकवर, अशी वाटणी असे. गायकाचा सूर घसरला असेल तर तो स्टुडिओत येऊन तेवढी ओळ पुन्हा गाऊ शकतो, गिटारवादकही चुकलेला तुकडा पुन्हा वाजवू शकतो. ड्रमच्या बाबतीत मात्र हे जवळजवळ अशक्य असते, कारण ड्रमसमोरच्या माइकमध्ये सबंध रंगमंचाचा आवाज शिरलेला असतो आणि बाकीच्या सर्वांचे वादन त्याच लयीवर बेतलेले असते. ड्रम बदलायचे म्हणजे सगळेच बदलायचे. म्हणून कितीही डागडुजी झालेला अल्बम असला तरी त्यातली लय सहसा त्या रात्रीचीच असते, आणि माझा सल्ला एवढाच आहे की संशय आला की गायकाकडे दुर्लक्ष करून ड्रमवादकाकडे कान द्यावा.

आता 'लाइव्ह अँड डेंजरस'कडे पाहू. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या या अल्बमसाठी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन या सभागृहातले 1976 चे आणि कॅनडातले 1977 चे ध्वनिमुद्रण वापरले गेले. निर्माते टोनी विस्कॉन्टी यांनी नंतर सांगितले की सुमारे 75 टक्के अल्बम स्टुडिओत तयार झाला. बँडच्या बाजूने नेमके उलटे सांगण्यात आले : 75 टक्के रंगमंचावरचे, उरलेली दुरुस्ती. गिटारवादक ब्रायन रॉबर्टसन यांचा युक्तिवाद मला महत्त्वाचा वाटतो. बँड इतक्या मोठ्या आवाजात वाजवत असे की गिटारचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये उतरलेला होता, मग तो पुसून नवा बसवणार कसा? हा वाद आज मिटण्यासारखा नाही. पण 'स्टिल इन लव्ह विथ यू' ऐका. हे गाणे 1974 च्या 'नाइटलाइफ' या स्टुडिओ अल्बमवर आहे आणि तिथला सोलो गॅरी मूर यांचा आहे. लाइव्ह अल्बमवर तेच गाणे कितीतरी अधिक मोकळे होते, रॉबर्टसन यांचा सोलो सावकाश चढत जातो, आणि त्याला तेवढी जागा ब्रायन डाउनी आपल्या संयमी ड्रमवादनाने करून देतात. गायक फिल लायनॉट यांची एखादी ओळ नंतर गाऊन घेतलेली असेलही, पण तो संयम स्टुडिओत जोडता येणारा नाही.

जुडास प्रीस्टच्या 'अनलीश्ड इन द ईस्ट'ची गोष्ट याहून स्पष्ट आहे. फेब्रुवारी 1979 मध्ये टोकियोत मुद्रित झालेल्या या अल्बमला 'अनलीश्ड इन द स्टुडिओ' असे टोपणनाव पडले, आणि गायन पुन्हा करावे लागल्याचे गायक रॉब हॅलफर्ड यांनीही मान्य केले आहे. तरीही प्रीस्टचा सत्तरच्या दशकातला एकच अल्बम निवडायचा झाला तर मी हाच निवडेन. त्याचे कारण ड्रमवादक लेस बिंक्स. यातील 'द रिपर', 'जेनोसाइड', 'टायरंट' आणि 'व्हिक्टिम ऑफ चेंजेस' ही चार गाणी 1976 च्या 'सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी'वर आधी आली होती, तेव्हा बिंक्स बँडमध्ये नव्हते. मूळ अल्बमवर ती गाणी उत्तम रचलेली असूनही आवाजाने किरकोळ वाटतात. टोकियोत तीच गाणी वेगाने, वजनाने आणि धारदार गिटारसह येतात, आणि 1980 च्या 'ब्रिटिश स्टील'मध्ये जो प्रीस्ट जगाला दिसणार होता तो इथे आधीच तयार झालेला ऐकू येतो. योगायोग असा की निर्माते टॉम ॲलम यांचे प्रीस्टबरोबरचे काम याच अल्बमपासून सुरू झाले, आणि बिंक्स यांचा प्रीस्टबरोबरचा हा शेवटचा अल्बम ठरला.

सुरुवात मात्र डीप पर्पलच्या 'मेड इन जपान'पासून करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 15 आणि 16 ऑगस्ट 1972 ला ओसाकात आणि 17 ऑगस्टला टोकियोच्या बुदोकानमध्ये झालेल्या तीन कार्यक्रमांतून हा दुहेरी अल्बम निघाला. तो हवा होता जपानमधल्या रेकॉर्ड कंपनीला; बँडला त्यात फारसा रस नव्हता, आणि आपलाच ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च असावा, ही त्यांची अट होती. बर्च यांच्याकडे फक्त 8 ट्रॅक होते. मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्याच्या, वेळी गायक इयान गिलन आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोर फिरकलेसुद्धा नाहीत, ते काम बेसवादक रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवादक इयान पेस यांनी पाहिले. अशा बेफिकिरीतून तयार झालेला हा अल्बम त्या काळातल्या सर्वांत प्रामाणिक ध्वनिमुद्रणांपैकी एक ठरला, आणि त्यात ओव्हरडब, म्हणजे नंतर स्टुडिओत घातलेले वादन-गायन, नसल्याचे बँडने नेहमीच सांगितले आहे.

आपल्यासारख्या मैफलीची सवय असलेल्या श्रोत्यांना तो लवकर जवळचा वाटतो, कारण स्टुडिओतले गाणे इथे बंदिशीसारखे वापरले आहे : मुखडा ठरलेला, पुढचा विस्तार त्या संध्याकाळचा. 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचे आहे, इथे ते जवळजवळ 20 मिनिटांचे होऊन तबकडीची एक सबंध बाजू व्यापते. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन'मध्ये ब्लॅकमोर गिटारवर एक जागा घेतात आणि गिलन ती गळ्यातून परत करतात. हा सवाल-जवाब वाढत जाऊन शेवटी गिलन यांची किंकाळी उरते. 'लेझी'ची जॉन लॉर्ड यांच्या ऑर्गनवरची प्रस्तावना आणि 'चाइल्ड इन टाइम'मधला मधला वेगवान भाग, या दोन्ही ठिकाणी पेस यांच्याकडे लक्ष द्या. ते ठेका धरून बसत नाहीत, समोरच्याचे ऐकून उत्तर देतात. (जाता जाता : 'चाइल्ड इन टाइम'ची मूळ ऑर्गनची धून 'इट्स अ ब्युटिफुल डे' या अमेरिकी बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग'वरून सुचलेली आहे.)

किसच्या 'अलाइव्ह!'विषयी थोडक्यात सांगतो. 1975 च्या या अल्बमआधीचे त्यांचे तिन्ही स्टुडिओ अल्बम फारसे खपले नव्हते, या एका अल्बमने बँडचे नशीब पालटले. निर्माते एडी क्रेमर यांनी त्यात भरपूर दुरुस्त्या केल्या आणि प्रेक्षकांचा आवाजही वाढवला. ऐतिहासिक म्हणून ऐकावा. माझ्या मते इथली दुरुस्ती वादनातला जिवंतपणा थोडा झाकते. मोटरहेडच्या 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ'बद्दल उलट मत आहे. नावात हॅमरस्मिथ असले तरी त्यातले जवळजवळ सगळे ध्वनिमुद्रण मार्च 1981 मध्ये लीड्स आणि न्यूकॅसल इथे झाले, आणि तो ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. लेमी, एडी क्लार्क आणि फिल टेलर या तिघांचा आवाज स्टुडिओत कधीच इतका घट्ट झाला नव्हता.

'मेड इन जपान'नंतर दुसरा अल्बम म्हणून आयर्न मेडनचा 'लाइव्ह आफ्टर डेथ' घ्या. तोही मार्टिन बर्च यांनीच केला. मुख्य भाग मार्च 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच अरीनात मुद्रित झाला, दुहेरी तबकडीची चौथी बाजू मात्र ऑक्टोबर 1984 च्या हॅमरस्मिथ ओडियनची आहे. इथे पर्पलसारखा उत्स्फूर्त विस्तार शोधू नका. मेडनची गाणी आखलेली असतात, 13 मिनिटांचे 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'सुद्धा. ऐकायचे आहे ते महिनोन् महिने रोज वाजवून बँडच्या अंगात भिनलेले एकत्व, आणि निको मॅकब्रेन यांच्या ड्रमवर स्टीव्ह हॅरिस यांच्या बेसने धरलेली दौड.

हा अल्बम ऐकल्यावर मुंबईकरांनी एक तुलना जरूर करावी. मेडनने 1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून जी जगभरची फेरी सुरू केली, तिची गाणी आणि इजिप्तच्या धर्तीची रंगमंचसजावट 1984-85 च्याच दौऱ्यावर बेतलेली होती. त्या फेरीतून निघालेल्या 'फ्लाइट 666' या अल्बमवर प्रत्येक गाणे वेगळ्या शहरातले आहे, आणि चर्चिल यांच्या भाषणानंतर येणारे 'एसेस हाय' मुंबईचे आहे. लाँग बीचच्या अल्बमची सुरुवातही त्याच भाषणाने आणि त्याच गाण्याने होते. दोन्ही पाठोपाठ लावले की 23 वर्षांत गायक ब्रूस डिकिन्सन यांचा आवाज कसा बदलला आणि मॅकब्रेन यांचा हात किती थोडा बदलला, हे स्वतःच्या कानांनी पडताळता येईल.

'मेड इन जपान' आवडला तर 1993 साली निघालेला 'लाइव्ह इन जपान' हा तीन डिस्कचा संच मिळवा. त्यात तिन्ही रात्रींचे बहुतांश ध्वनिमुद्रण एकत्र आहे, त्यामुळे 'हायवे स्टार' प्रत्येक रात्री किती वेगळे झाले ते कळते. मूळ अल्बमसाठी 16 तारखेचे 'हायवे स्टार' घेतले गेले, तर 'स्मोक ऑन द वॉटर' मात्र 15 तारखेचे निवडावे लागले. आधी मूळ अल्बमच ऐका, संच त्यानंतर.