गॉथिक फॉन्ट नक्की कुठला? दोन्ही, कारण मुळात ती शिवी आहे

प्रश्न असा आलाय की कॉम्प्युटरवरचा 'फ्रँकलिन गॉथिक' एकदम साधा, सरळसोट, आणि लग्नपत्रिकेच्या इंग्रजी बाजूवर नावं छापतात तो टोकदार नक्षीवाला, त्यालाही गॉथिकच म्हणतात, मग खरा कुठला आणि वापरायचा कुठे.

आधी एक. त्या टोकदार अक्षरांना 'ओल्ड इंग्लिश' म्हणायचं आणि वर 'हजार वर्षांपूर्वी इंग्रज असंच लिहायचे' असं ठोकून द्यायचं, हे कृपया बंद करा. ओल्ड इंग्लिश भाषा आटोपल्यावर मग ही अक्षरं आली, बाराव्या शतकात, तीही उत्तर फ्रान्सकडची. घराण्याचं नाव ब्लॅकलेटर. गुटेनबर्गचं बायबल (१४५५ च्या आसपास) यातच छापलंय.

आता गंमत. गॉथ लोकांचा (जुन्या काळची एक जर्मॅनिक जमात) यात काडीचाही संबंध नाही! त्यांची लिपी चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने ग्रीकवरून बेतली, स्वीडनमध्ये उप्सालाला जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेलं त्यांचं बायबल आहे, त्याचे फोटो बघा, यातला एकही फॉन्ट आठवणार नाही. मग नाव का? तर इटलीतल्या पंडितांना जुनं रोमन वळण प्यारं, उत्तरेकडचं जे काही ते सगळं 'गॉथिक', म्हणजे ४१० साली रोम लुटणाऱ्या रानट्यांचं. इमारतींनाही तेच, अक्षरांनाही तेच.

म्हणजे गॉथिकचा अर्थ 'टोकदार' नाहीच, 'रोमन नसलेलं, अडाणी' असा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बिनशेपट्यांची (टोकांना बारीक रेघा नसलेली, म्हणजे सॅन्स सेरिफ) ठोकळा अक्षरं आली तेव्हा त्यांनाही गॉथिक म्हणायला लागले, १९०२ चा मॉरिस फुलर बेंटनचा फ्रँकलिन गॉथिक त्याच परंपरेतला. जाणकार सांगतात की ही अक्षरं ब्लॅकलेटरइतकी काळीकुट्ट दिसायची म्हणून ते नाव. मला हे अजिबात पटत नाही. काळेपणाच कारण असेल तर त्याच अक्षरांना युरोपात 'ग्रोटेस्क' का म्हणाले? ग्रोटेस्क आला इटालियन 'ग्रोत्ता'वरून, ग्रोत्ता म्हणजे गुहा. पंधराव्या शतकाच्या शेवटी रोमन सम्राट नीरोचा गाडला गेलेला महाल सापडला, लोक गुहेत उतरावं तसे आत उतरले, भिंतीवर चित्रविचित्र चित्रं दिसली, ती गुहेतली म्हणून ग्रोटेस्क, पुढे अर्थ झाला बेढब. दोन्ही नावं नाकं मुरडूनच ठेवलेली! आणि ब्लॅकलेटरचं नशीब बघा, 'हिटलरचा फॉन्ट' म्हणून आजही त्याच्या नावाने बोटं मोडतात, पण ३ जानेवारी १९४१ ला हिटलरचा उजवा हात बोरमान याने पत्रक काढून ही अक्षरं ज्यूंची ठरवली आणि बंद करायला लावली, तेही ज्या लेटरहेडवर लिहिलं त्याचा मथळा याच वळणात छापलेला.

हां, ब्लॅकलेटरचा वापर राहिलाच. वर्तमानपत्राचं नाव (न्यूयॉर्क टाइम्सचं बघा), पदवीचं सर्टिफिकेट, असं दोनचार शब्दांपुरतं ठीक. सगळी कॅपिटल अक्षरं घालू नका, टीशर्टवर आणि टॅटूत हमखास तेच करतात, मग नाव कुणाला वाचता येत नाही. स्मॉलमध्येही जपून, 'मिनिमम' इंग्रजीत लिहून बघा, पंधरा उभ्या काठ्या ओळीने, एम कुठे संपला आणि आय कुठे सुरू झाला ते फक्त टिंबावरून कळतं. त्यामुळे पत्रिकेवर वधूवरांची नावं खुशाल छापा, पण हॉलचा पत्ता त्यात नको.